परातीतली शाळा

"उभी काठी. डाव्या अंगाले पोट, उजव्या अंगाले शेपटी. झाला क," रेणुका हळूच म्हणाली. परातीत पसरलेल्या ज्वारीच्या पिठावर तिच्या सासूबाईंनी, आशाबाईंनी, बोटानं क काढला.

तेवढ्यात दाराबाहेर पंजाबराव खाकरले. आशाबाईंनी घाईनं पिठावर पंजा फिरवला, रेणुकानं डोक्यावर पदर घेतला. सून आत असताना खाकरल्याशिवाय सासऱ्यानं स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही, आणि सुनेनं त्यांच्यासमोर बोलायचं नाही, ही त्या घरची रीत. त्या खाकरण्याच्या भरवशावरच ही शाळा चालली होती.

आशाबाईंना फार काही नको होतं. एसटीची पाटी वाचून एकटीनं लोणारला लेकीकडे जाता आलं म्हणजे झालं. मागे खामगावच्या स्टँडवर चुकीच्या गाडीत बसून त्या सोनाळ्याला पोचल्या होत्या. पंजाबरावांनी तो किस्सा पारावर रंगवून रंगवून सांगितला. वर बायकोनं अक्षरं शिकायचं काढलं, तेव्हा तर ते उसळलेच.

"आता का नोकरी करतं? पुस्तक दिसलं घरात, त चुलीत टाकीन."

म्हणून पुस्तक नव्हतं. पीठ होतं.

माणूस तसा वाईट नव्हता, हट्टी होता. पेपर त्यांना रोज लागे, पण चष्म्याचा नंबर वाढला म्हणून मुलगा, गजेंद्र, वाचून दाखवी. तुरीवरची अळी मात्र त्यांना बांधावरून दिसे. संध्याकाळी भाकरीच्या वेळी ते बाहेरच्या ओट्यावर, स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकून बसत आणि टीव्ही बंद करायला लावत. सासू-सुनेच्या ती शांतता पथ्यावरच पडे.

दिवाळीत काठी-पोटापासून सुरू झालेली शाळा होळीपर्यंत बाराखडीच्या पार गेली. आणि एके सकाळी आशाबाई एकट्याच लोणारला निघाल्या. दुपारी फोन आला.

"रेणुका, मी पाटी वाचली व. कोनाले इचारलं नाही."

रेणुकाला रडू आवरेना.

संध्याकाळी ती एकटीच मुकाट्यानं पीठ मळत होती. बाहेर खाकरणं झालं. तिनं पदर घेतला. पंजाबराव आत आले नाहीत. उंबऱ्याशी, अंगणाकडे तोंड करून उभे राहिले.

"सूनबाई, मले सारं मालूम हाय. भिंतीतून सारं आयकू येते."

रेणुकाचे हात पिठातच थांबले. सासूबाई परतल्यावर आता काय होईल?

"दिवाळीपासून आयकून राह्यलो."

तिनं पदर आणखी पुढे ओढला. 

पंजाबराव पुन्हा खाकरले. या खेपेला उगाचच.

"सासू गावाले गेली म्हून शिकवनं बंद ठेऊ नको. अन् जरा जोरानं सांगत जाय. 'ह'ची शेपटी कोन्या अंगाले वळते, ते मले अजून समजलं नाही."