दारावरचा खिळा

समजा, तुमच्या अंगभर फोड उठले आहेत. बारीक, टपोरे, पाण्यानं भरलेले. त्यांना सारखी खाज सुटते आहे, आणि घरातली सगळी म्हणताहेत, खाजवायचं नाही. जमेल तुम्हाला?

कांताला जमत नव्हतं.

"नखं कापून टाकली, बाबा. आता खाजवू कशानं?"

"म्हनूनच तं कापली," आनंदराव हसून म्हणाले.

भिलाईचा कारखाना तेव्हा नवा होता. वितळलेल्या लोखंडाची गाडी भट्टीकडून निघाली, की फाटकावर उभं राहून लाल झेंडी दाखवायची, हे आनंदरावांचं काम. झेंडी दिसली की साहेबाची जीपसुद्धा थांबायची. त्याचा त्यांना अभिमान होता.

सकाळी कांताच्या आईनं, रुक्मानं, निंबाचा डहाळा आणून दाराबाहेरच्या खिळ्याला बांधला होता. गावाकडे लेकराच्या अंगावर असे फोड आले, की घरात माता आली म्हणत आणि दारावर निंब बांधत. ड्युटीवरून परतलेल्या आनंदरावांनी आधी तो डहाळा उतरवला.

"नागपूरले बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तवा काय कबूल केलं आपन? हे माता-गिता काही नाही. आजार हाय."

मग त्यांनी कांताला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी फोड नीट पाहिले. देवीचे नाहीत, कांजिण्या आहेत, असं सांगितलं. डोळ्याला न दिसणारा एक विषाणू हे करतो. तो श्वासातून हवेत पसरतो आणि दुसऱ्याला गाठतो. सगळ्या फोडांवर खपल्या धरेपर्यंत इतर मुलांना दूर ठेवा, तान्ह्या बाळांना तर फारच जपा.

आनंदरावांनी सगळं मनावर घेतलं. नखं कापली. कोमट पाण्यानं आंघोळ घालायला लावली. अंगात सैल, धुतलेला सुती झगा. घरात दुसरं लेकरू नव्हतंच, त्यामुळे तीही काळजी मिटली, असं त्यांना वाटलं.

दुपारी शेजारच्या सिंधुताई सिगडीसाठी विस्तव मागायला आल्या. रोजच येत. खांद्यावर त्यांचं बाळ होतं, नुकतंच मान धरू लागलेलं. कांताचा त्या बाळावर फार जीव. एरवी तिनं धावत जाऊन त्याला मांडीवर घेतलं असतं. सिंधुताईंनी पायरीवर पाय ठेवला, आणि कांता खाटेवरूनच ओरडली,

"काकू, तिथंच थांबा! मले कांजिण्या झाल्या!"

सिंधुताई झटकन अंगणात मागे सरल्या. बाळाला त्यांनी पदराखाली घेतलं.

"अवं माय! मंग सांगाचं नाही काय, रुक्माबाई? दारावर निंब दिसला असता तं मी इकडे फिरकली असती काय?"

त्या तशाच घरी गेल्या. कोपऱ्यात तो डहाळा पडला होता.

"बांधू काय पुन्हा?" रुक्मानं विचारलं.

"आपन मातेले मानत नाही, रुक्मा."

"मी मातेसाठी नाही म्हनत. त्या लेकरासाठी म्हनते."

आनंदरावांनी डहाळा उचलला. दारापर्यंत गेले. हात काही वर जाईना. टाकूनही देववेना. संध्याकाळी गल्लीतली सगळी मुलं या दारावरूनच खेळायला जाणार होती.

"बाबा," कांता म्हणाली, "तुमची झेंडी पाहून मानसं थांबतेत. ते काय झेंडीची पूजा करतेत?"

"नाही वं. पुढं धोका हाय, येवढंच झेंडी सांगते."

कांता खाटेवरून उठली. उशाशी तिची शाळेची लाल रिबन पडली होती. ती घेऊन कांता स्टुलावर चढली आणि निंब काढलेल्या त्याच खिळ्याला तिनं ती घट्ट बांधली.