डोंगराचं चित्र

धोंडीबाची मेंढरं लांडग्यानं फाडली, असं गोपीचंदच गावभर सांगत फिरला. खरं तर ती हरभऱ्यात शिरली म्हणून त्यानंच कुऱ्हाडीनं तोडली होती, आणि दैवशालानं ते मोबाइलवर टिपलं होतं.

बाजाराच्या दिवशी भर दुपारी तो सोनपेठेत तिच्या ऑनलाइन सेंटरात घुसला. शटर ओढलं, मोबाइल दगडानं ठेचला आणि केस मुठीत धरून तिचं तोंड टेबलावर आपटलं.

"लॅपटॉपातला व्हिडिओ बी आधी दाव, मग माझ्या डोळ्यांदेखत पुस!"

लॅपटॉपची वायर बाहेर, शटरच्या वर टांगलेल्या टीव्हीला गेलेली त्याला दिसली.

"ह्ये बाहेर दिसतंय का?"

"न्हाई भाऊ," ओठाचं रक्त पुसत ती म्हणाली. "विंडोज न्हाई, लिनक्स हाय ह्यात. इथलं तिकडं दिसंना, सकाळपून निस्तं डोंगराचं चित्र यायलंय."

येताना त्यानंही तो डोंगरच पाहिला होता.

दैवशालानं व्हिडिओ चालू केला. मग रक्ताळल्या बोटांनी माउस धरून तो उजवीकडं ओढला. व्हिडिओ सरकत सरकत पडद्याच्या कडेपाशी गेला आणि दिसेनासा झाला.

"गेला?"

"गेला, भाऊ."

तेवढ्यात बाहेर बाजाराचा गलकाही एकदम थांबला. आपली दहशतच तशी, असं मनाशी म्हणत गोपीचंदनं शटर वर केलं.



अख्खा बाजार मान वर करून टीव्हीकडं बघत होता. लॅपटॉपच्या कडेवरून सरकलेला व्हिडिओ तिथं आला होता; डोंगराच्या जागी गोपीचंद मेंढरं तोडत होता, आणि सगळ्यांच्या पुढं धोंडीबा उभा होता, खांद्यावरची कुऱ्हाड हातात घेऊन.