लाल रंगातलं नाव

"नाव टाका. न्हाईतर सही न्हाई." सत्यशीलानं पेन टेबलावर आपटला.

सेलूला औजारवाल्यांच्या संघाची बैठक भरलेली. समदे कारखानदार. मधी तिचं कोळपं उभं. पुढं मेलेल्या नवऱ्याच्या सायकलीचं चाक, मागं लोखंडी पात्याची पास. बैल लागत न्हाई, एकटं माणूस ढकलतं आन् तण साफ. गायरानाचा तुकडा एकटीनं निंदायचा म्हणून तिनंच जोडलेलं. आता संघाला त्याचा हक्क पायजे होता. हक्क मिळाला की संघ परवाने वाटणार, मेंबर धडाधड कोळपे बनवणार.

"बाई, चार पैसे वाढवून घ्या की. नाव कशाला?" एकजण म्हणाला.

"पैसे कमी द्या. नाव टाका."

"हिच्या नावाचं औजार गावात घेतंय कोन?" मागून कोणतरी खिदळलं.

तिची कानशिलं तापली. नामांतराच्या दंग्यात एका नावापायी तिची अख्खी वस्ती जळालेली. तिचं आन् धुरपताबाईचं घर एका भिंतीचं, संगटच गेलं. नावाची किंमत हे शिकवणार तिला?

अध्यक्ष दत्तराव मघापासून कोळप्याकडंच बघायलता. मग गालात हसला.

"टाका रे बाईचं नाव. लाल रंगात. मोठ्ठं."

तिनं सही ठोकली. एसटीतून उतरून वस्तीवर येस्तोवर तिची मान खाली झाली न्हाई.

पुढच्या निंदणीला वस्तीतल्या बाया खुरपे घेऊन रोजानं मालकाच्या रानात गेल्या. तिथं एकटा सालगडी कोळपं ढकलायलता. मालक बांधावरूनच वरडला, "जावा घरी! आता बाया लागत न्हाईत. तुमच्याच सत्यशीलाचं कोळपं हाय, नाव वाचा!"

दुपारी तिच्या दारात खुरप्यांचा ढीग पडला. बाया बोटं मोडायलत्या. धुरपताबाई उंबऱ्यावर थुंकली.

"दंग्यात घर गेलं, बये. चूल तू इझवलीस."

सत्यशीला दुसऱ्या दिवशी सकाळीच संघात धडकली.

"दत्तराव, माजं नाव काढा त्याच्यावरून. आत्ताच्या आत्ता!"

दत्तरावानं चहा बशीत ओतला. फुर्रकन एक घोट घेतला.

"काढून कसं चालंल, बाई? मंग त्या बाया बोटं कुनाच्या नावानं मोडतेन? संघाच्या?"