डावखुऱ्या दस्त्याची रायफल

मोहनराव साखर कारखान्याचे चेअरमन होते तेव्हा निवडणूक आली की त्यांच्या ओसरीवर उमेदवारांना बसायला खुर्ची मिळत नसे. मग लागोपाठच्या दुष्काळांत कारखाना बंद पडला आणि खुर्च्या मोकळ्या झाल्या. यंदा त्यांनी आजोबांची शिकारीची रायफल विकायला काढली आणि किंमत ठरवायला संभाजीनगरहून बंदुकांचा व्यापारी बोलावला.

"दस्ता खास डावखुऱ्यासाठी घडवलाय, वर चांदीचं चितळ. असा नग दुसरा नाही," व्यापारी म्हणाला. "तीन लाख देतो."

"आमच्या आज्यानं हिच्यानं सात वाघ मारलेत."

"खरे किती?"

"दोन."

शेजारचा शहादेव हसला. "देऊन टाका, चेअरमनसाब. दर निवडणुकीला पोलीस दारात येतो, बंदूक ठाण्यात जमा करा म्हणतो. विकली की ती कटकट संपली."

मोहनरावांनी विचारलं, "मंग तो येणार न्हाई?"

"कावून येईल?"

मोहनरावांनी रायफल पुसली आणि पुन्हा गवसणीत घातली.

 

"मंग ऱ्हाऊ द्या. निवडणुकीत माझ्या दारात आता तेवढाच एक माणूस येतो."