लिनेओची रोजची फेरी

लेसोथोच्या त्या डोंगरवाडीत आरोग्यसेविका लिनेओ रोज सकाळी चढ चढून मालेराटोकडे यायची. मालेराटो एचआयव्हीच्या गोळ्या घ्यायला विसरते, म्हणून समोर बसवून तिला गोळी गिळायला लावायची. मग दोघी घोंगड्या पांघरून उन्हात तासभर खिदळत बसायच्या. कुंपणापलीकडे शेजारीण माखोत्सोचा नुसता जळफळाट व्हायचा. तीही त्याच गोळ्या घ्यायची, पण अकरा वर्षांत तिची एकही चुकली नव्हती, म्हणून तिच्या दारात कुणी फिरकतही नव्हतं.

शेवटी एके दिवशी ती कुंपणावरून ओरडली, "मीपण सोडल्यात गं गोळ्या!"

लिनेओ धावतच आली. डबी मागून घेऊन तिने गोळ्या मोजल्या, कार्डावरच्या तारखेशी ताडून पाहिल्या. "मावशी, एकही जास्त उरलेली नाही. रोज घेताय की!"

माखोत्सोची मान खाली गेली. "तिच्याकडे रोज येतेस. मी तुझं काय घोडं मारलंय?"

"हळू बोला, ऐकतील त्या," लिनेओ चटईवर ऐसपैस बसत म्हणाली. "गेल्या वर्षी मी महिनाभर रजेवर होते, तरी त्यांच्याही गोळ्या बरोबरच निघाल्या. आंबील आहे का थोडी?"