बारा नंबरचा चौकोन

"बारा नंबरच्या चौकोनात मासे नाहीत," कंपनीच्या अधिकाऱ्याने भिंतीवरच्या नकाशावर पट्टी टेकवली. "म्हणून पवनचक्क्या तिथेच. एकदा उभ्या राहिल्या की आत होडीसुद्धा सोडणार नाही."

धक्क्यावरच्या सभागृहात तीसेक मच्छीमार बसले होते. मागच्या बाकावरून मुकादादा उठला. एरवी तो बडबड्या, पण मासे कुठे मिळतात हे बावीस वर्षांत त्याने कुणाला कळू दिलं नव्हतं. म्हणून हे नाव.

"साहेब, मासे आहेत तिथे."

"आमच्या बोटीने चार दिवस जाळं टाकलं. काही लागलं नाही."

"कोणत्या महिन्यात?"

"समुद्र शांत असतो त्या."

"त्या महिन्यात मासा तिथून हलतो. घरचे गावाला गेलेले असताना दार वाजवायचं आणि घर ओसाड म्हणून लिहायचं, असंच झालं हे."

लोक हसले. अधिकाऱ्याने कागदांचा गठ्ठा पुढे ओढला.

"बरं, आमचं राहू द्या. मासे कुठे धरले त्याची चिठ्ठी मोठ्या बोटींना भरावी लागते. तुमच्या सगळ्या चिठ्ठ्यांवर सात नंबर आहे. बारा कुठेच नाही."

सात मुकादादानेच लिहिला होता, दर खेपेला. सातात तळ खडकाळ, जाळं टाकलं की फाटणार. कुणी मागावर गेलंच, तर पुन्हा जाणार नाही.

"खोट्या आहेत त्या."

"दोन जाळी गेली माझी तिथे," शेजारचा बोटवाला म्हणाला. "तुझ्या तोंडात किडे पडोत, दादा."

"बावीस वर्षं खोटं लिहिलंत," अधिकारी शांतपणे म्हणाला, "तर आजचं खरं कसं मानू?"

मुकादादा बाकांमधून पुढे टेबलापाशी आला.

बारा नंबरशिवाय मुलाला देण्यासारखं त्याच्याकडे होतं काय? तीन वर्षांपूर्वी शहरातला कारखाना बंद पडला आणि मुलगा गावी परतला. गळाने मासे धरायला त्याने होडी घेतली, चिठ्ठीही लागणार नाही एवढी लहान. कुठे जाऊ, असं त्याने विचारलं, तेव्हा मुकादादा म्हणाला होता, "समुद्र मोठा आहे, शोध." त्या दिवसापासून मुलगा बोलत नव्हता. आता मुकादादाच्या पाठीने दावा मांडला होता. यंदा मोठी बोट आणि बारा नंबर, दोन्ही मुलाच्या हवाली करायचं त्याने ठरवलं होतं.

"साहेब, पाया पडतो तुमच्या."

शेवटी बोटवालाच उठला. "म्हातारा खोटारडा आहे, पण आत्ता खरं बोलतोय. सातात आमच्यापैकी कुणी जात नाही."

अधिकाऱ्याने कारकुनाकडे पाहिलं. कारकुनाने कागद चाळले. "सात नंबरच्या चिठ्ठ्या फक्त यांच्याच आहेत."

"मग चक्क्या साताकडे सरकवता येतील. खोली तेवढीच आहे." अधिकाऱ्याने कोरा कागद पुढे केला. "लिहून द्या. चिठ्ठ्या खोट्या, सातात मासे नाहीत."

मुकादादाने दोनदा वाचून सही केली.

तिथून तो तडक मुलाच्या घरी गेला. मुलगा पायरीवर दोरीला गळ बांधत होता. सुनेने पाणी आणून दिलं. मुकादादा उभ्यानेच प्यायला.

"तेव्हा शोध म्हणालो, ते चुकलं माझं," तो म्हणाला. "मासे बारा नंबरात आहेत. तिथल्या चक्क्या आज हटवून आलो. उद्यापासून मोठी बोट घेऊन तू जा."

मुलाने वर पाहिलं. तीन वर्षांत पहिल्यांदा तो बोलला.

"हटवून कुठे?"

"सातात. रिकामाच पडलाय तो. तसं लिहून दिलं मी."

आत निघालेली सून उंबऱ्यातच थांबली.

"तुम्ही सांगितलं नाहीत, म्हणून मी बंदराच्या ऑफिसात जाऊन तुमच्या चिठ्ठ्या वाचल्या," मुलगा म्हणाला. "जाळं फाटतं तिथे, गळ नाही. तीन वर्षं आम्ही सातावरच जगतोय, बाबा."