डावा पाय

उस्तादांचा डावा पाय पुन्हा उठला आणि थेट ब्रेकवर पडला. नवी विजेची बस गचकन थांबली. मागे उभ्या असलेल्या परीक्षक बाईंनी दांडी धरली म्हणून त्या वाचल्या.

तिथे क्लच नव्हताच. या बसला गिअर नाहीत, सगळं काम एकट्या उजव्या पायाचं. पण बत्तीस वर्षांची सवय! वळण दिसलं की डावा पाय उठायचाच, मालकाला न विचारता.

जुन्या बस महिनाअखेर भंगारात जाणार होत्या. चाचणीत पास झाले तर उस्तादांना नवी बस मिळणार होती. नाहीतर निवृत्तीपर्यंतची तीन वर्षं डेपोच्या फाटकावर खुर्ची टाकून गाड्यांचे नंबर लिहायचे. संधी ही शेवटची.

आणि परीक्षक म्हणजे उस्तादांची थोरली लेक. डेपोच्या साहेबांनी आपणहून विचारलं होतं, "दुसरं कोणी देऊ का?" उस्ताद म्हणाले होते, "कशाला? तिलाच बसू द्या." सगळा डेपो गालातल्या गालात हसला. म्हातारा पक्का निघाला, वशिला घरचाच!

लेकीने हातातल्या कागदावर दुसरी खूण केली.

"बाबा, दोनदा झालं."

"हो. दोनदा."

"गाडी भरलेली असती तर?"

"उभी माणसं पडली असती," उस्ताद म्हणाले. खोटं बोलायचं त्यांच्या मनातही आलं नाही.

तिचे डोळे भरून आले. तरी तिने शेरा लिहिला, खाली सही केली आणि कागद वडिलांपुढे धरला. उस्तादांनी तो वाचला. आयुष्यभर ते स्टिअरिंगमागे ऐटीत बसले होते. या नव्या स्टिअरिंगवरून त्यांनी एकदा हात फिरवला आणि ते खाली उतरले.

शेडखाली चालक मंडळी चहा घेत उभी होती.

"काय उस्ताद, पार्टी कधी?"

"कसली पार्टी? नापास केलं पोरीने."

सगळ्यांचे चहाचे कप हातातच राहिले.

"सख्ख्या बापाला?" एक जण हळहळला. "एवढंही नाही केलं तिने तुमच्यासाठी?"

उस्तादांची मान ताठ झाली.

"अरे, दुसऱ्यांदा पाय चुकला ना, तेव्हापासून माझ्या जिवाला एकच घोर लागला होता. पोरगी मला पास करते की काय!"